गुहेवाली

सप्टेंबर सरत आला होता, तरी सांत अंतियोको बेटावरचं ऊन काही उतरायचं नाव घेत नव्हतं. ग्रेका बाशू सलग तेरा दिवस पाहुण्यांना बेट दाखवत हिंडली होती. चौदावा दिवस सुट्टीचा ठरला होता. सकाळी ती स्वयंपाकघरात सुजलेल्या घोट्यांना मलम चोळत बसली होती, तेवढ्यात कार्यालयातल्या लिबेराचा फोन आला.

"ग्रेका, आजचा एकच दिवस."

"परवाही हेच म्हणालीस."

"परवा थाप मारली होती. आज खरंच अडलंय. तुरीनहून एक गृहस्थ आलेत. प्रवाशांसाठी पुस्तक निघतंय, त्यात आपल्या बेटाची ओळख ते लिहिणार आहेत. इतिहास, झाडंझुडपं, पक्षी, सगळं बारा पानांत."

"बारा पानांना अर्धा दिवस पुरे."

"मग अर्धा दिवस दे. पण जा, बाई."

ग्रेकाने फोन ठेवला. आतल्या खोलीतून तिची आई वितालिया हिचा आवाज आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. कामावर बोलावलंय."

"एकूण एकच," म्हातारी म्हणाली.

ते १९९९ साल होतं. ग्रेका एक्कावन्न वर्षांची, बिनलग्नाची. वितालिया अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यांनी बसलेली, पण जीभ अजून धडधाकट. दोघी वरच्या गल्लीतल्या सरकारी चाळीत दोन खोल्यांत राहत. बावीस वर्षं ग्रेका वाटाड्याचं काम करत होती. पहिल्या वर्षी तिने जे पाठ केलं होतं तेच ती अजून सांगे, आणि आता तर सांगताना मनात रात्रीच्या भाजीचा विचार चाललेला असला तरी एक शब्द चुकत नसे.

तुरीनचे गृहस्थ बांधाच्या तोंडाशी उभे होते. बेट सार्डिनियाला ज्या अरुंद बांधाने जोडलेलं आहे, तिथे जुन्या रोमन पुलाच्या कमानीकडे बघत. ओत्ताव्हिओ ब्रेरो त्यांचं नाव. सत्तरीचे, काटकुळे, डोक्यावर कापडी टोपी, काखोटीला वही. शाळेत निसर्गशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हात मिळवल्यावर पहिलंच वाक्य त्यांनी असं टाकलं, "सिन्योरा, वसंतात माझ्या छातीचं ऑपरेशन झालंय. मी फार हळू चालतो. तुमची हरकत नसेल ना?"

बावीस वर्षांत हळू चालायची परवानगी मागणारा हा पहिलाच पाहुणा. ग्रेकाला बरं वाटलं, पण ते दाखवायचीही तिच्यात ताकद नव्हती. "चालू या हळूच," ती म्हणाली.

खाजणात फ्लेमिंगो उभे होते. ती सांगू लागली. किती येतात, कधी येतात, मिठागरांच्या पाण्यातले कोणते किडे खाऊन गुलाबी होतात. ब्रेरोंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला आवडतात?"

"काय?"

"फ्लेमिंगो."

तिने जरा विचार केला. "ओरडतात फार. लांबून बघायला बरे."

ब्रेरोंनी ते वहीत टिपून घेतलं. तिला कसंसंच झालं. असलं काही टिपून घ्यायचं असतं होय.

तिथून ती त्यांना गावामागच्या टेकाडावर घेऊन गेली. फिनिशियन लोकांनी जिथे आपल्या तान्ह्या बाळांची राख रांजणांत भरून पुरली, ती जागा. वाऱ्याने झिजलेल्या खडकांच्या मधे रांजणांच्या नकला मांडलेल्या होत्या. इथे सगळे पाहुणे एकच प्रश्न विचारत आणि तिचं उत्तर तयार असे. काही पंडितांच्या मते मुलं देवाला बळी दिली जात, काहींच्या मते ती आजारानेच गेलेली. ब्रेरोंनी तो प्रश्न विचारला नाही. ते एका झुडपाजवळ वाकले होते. शिंदीच्या रोपासारखं दिसणारं, जमिनीलगत पसरलेलं, पंख्यासारख्या पानांचं झुडूप.

"बुटका ताड," ते म्हणाले. "युरोपात आपोआप उगवणारा ताड म्हणजे जवळजवळ हा एवढाच. याचं इथे काही करतात का?"

"पूर्वी केरसुण्या करायचे. टोपल्या. दोर."

"कोण करायचे?"

"गरीब लोक," ग्रेका म्हणाली आणि पुढे चालू लागली. ब्रेरोंनी एक पान खुडून वहीत ठेवलं आणि तिच्या मागोमाग निघाले.

साडेअकराच्या सुमाराला ती दोघं गुहांच्या गल्लीत पोचली. टेकडीच्या पोटात कार्थेजवाल्यांनी आपल्या मेलेल्यांसाठी खोदलेल्या भुयारी खोल्या. दहा-बारा पायऱ्या उतरल्या की बुटका दरवाजा, आत दगडात कोरलेली एक किंवा दोन दालनं, भिंतीत कोनाडे. हजारो वर्षं मढी राहिली. मग दोन-अडीचशे वर्षांपूर्वी गाव पुन्हा वसलं, तेव्हा ज्यांच्याकडे घर बांधायला काही नव्हतं ती माणसं यांत शिरली. गाव त्यांना गुहेवाले म्हणे. ग्रेकाच्या पाठांतरात याचं एकच वाक्य होतं. "नंतरच्या काळात गरीब कुटुंबांनी या थडग्यांचा घरासारखा वापर केला." ते म्हणून झालं की ती लगेच कोनाड्यांची लांबीरुंदी सांगायला लागे.

एक गुहा जुन्या संसारासारखी मांडून ठेवली होती. लोखंडी खाट, टोपली, कंदील, चूल. ब्रेरो दगडी पायरीवर टेकले, घाम पुसला आणि म्हणाले, "चूल आत पेटवली तर धूर कुठे जायचा?"

"वर भोक आहे. ते बघा, त्या कोपऱ्यात."

"पुरायचं का ते?"

"वारा वायव्येचा असला तर पुरायचं. आग्नेयेकडून दमट वारा सुटला की धूर परत आत यायचा. मग डोळे चुरचुरायचे, सगळी पायऱ्यांवर जाऊन बसायची. पाऊस असला तर तेही नाही, मग जमिनीशी तोंड धरून पडून राहायचं, धूर वरती तरंगतो म्हणून." ती एका दमात बोलून गेली.

ब्रेरोंनी लगेच काही लिहिलं नाही. "तुम्ही इथे राहिलात," ते हळूच म्हणाले.

"नाही. आम्ही चर्चमागच्या गल्लीतले."

"माफ करा."

"ऐकलंय मी. आमच्यात सगळ्यांना माहीत असतं हे."

"माझ्याआधी ज्यांनी ज्यांनी या बेटावर लिहिलंय त्यांनी इथल्या दोन-अडीचशे वर्षांवर एकेक ओळ लिहिलीय. रोमन लोकांवर चार पानं, आणि या माणसांवर एक ओळ. मला वाटलं होतं, विचारावं."

"एक ओळ पुरे की," ग्रेका म्हणाली. तिला खाली बसावंसं वाटत होतं. पण या खोलीत बसायचं तर खाटेवरच बसावं लागलं असतं, आणि त्या खाटेवर ती आजवर कधी बसली नव्हती.

बाहेर आल्यावर ब्रेरो दहा पावलं चालले आणि त्यांनी भिंतीला हात टेकवला. चेहरा पांढराफटक, ओठ निळसर. "दोन मिनिटं," ते म्हणाले. पण गल्लीत सावली नव्हती, दुकानं दुपारची बंद झालेली. सर्वांत जवळचं घर तिचंच होतं. तिने त्यांच्या बगलेत हात घातला, आणि दोन थकलेली माणसं एकमेकांना धरून कशीबशी चढ चढली.

वितालियाने दार उघडलं, पाहुण्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मडक्यातलं पाणी दिलं, त्यात लिंबू पिळून, चिमूटभर मीठ टाकून. मनगट धरून नाडी पाहिली. "गोळ्या कुठेत तुमच्या?" खिशातून गोळी निघाली. ती घेऊन ते पंधरा मिनिटं डोळे मिटून पडले. रंग परत आला तेव्हा म्हातारीने समोर पाव, ऑलिव्ह आणि टोमॅटो ठेवले.

"ग्रेका माणसांना चालवून चालवून मारते," ती म्हणाली. "दर वर्षी एखाद-दुसरा पडतोच."

"आई."

"बरं, दर दोन वर्षांनी."

ब्रेरो हसले. आभार मानताना त्यांची वही मांडीवरून घसरली आणि त्यातलं पान जमिनीवर पडलं. वितालियाने वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्याने दगा दिला, तेव्हा ग्रेकाने ते उचलून दिलं. म्हातारीने पान बोटांत धरलं, उलटं केलं, देठ चुरगळून पाहिला.

"हे कशाला तोडलंत?"

"शिकायला. जुनी सवय."

"हे बाहेरचं पान आहे. बाहेरचं तुटतं, त्याचा उपयोग नाही. आतलं कोवळं घ्यायचं. विळ्याने नाही, हाताने पिळा देऊन ओढायचं, म्हणजे गाभा दुखावत नाही आणि पुढच्या वर्षी परत येतं. ऑगस्टात काढायचं. आठ दिवस उन्हात, मग दव पडेल तिथे, म्हणजे पांढरं होतं आणि वाकतं. घाई केली तर कडकडीत होऊन मोडतं. माझी घाई व्हायची. माझ्या सासूच्या केरसुण्या चार वर्षं टिकायच्या, माझ्या दोन."

ब्रेरोंनी वही उघडली. "तुम्ही विकायचात?"

"कार्बोनियाला. खाणवाल्यांच्या बायकांना. डोक्यावर तीस केरसुण्या घेऊन पहाटे निघायचं, बांधावरून, खाजणाच्या कडेकडेने. येताना रिकाम्या डोक्याने, म्हणून येताना रानभाजी खुडायची. कडू चिकोरी, रानबडीशेप. शतावरीचे कोंब मार्चात. गोगलगाई पहिल्या पावसानंतर. समुद्रावर लाट नसेल तेव्हा खडकावरचे शिंपले. या बेटावर खायला मिळत नाही असं म्हणणारा माणूस आळशी असतो."

"आणि एवढी पानं वाळवायचात कुठे?" ब्रेरोंनी विचारलं.

म्हातारीने मुलीकडे पाहिलं.

"अंगणात," ग्रेका पटकन म्हणाली.

"कुठलं अंगण?" वितालिया म्हणाली. "आम्हाला अंगण नव्हतं, सिन्योर. आम्ही खाली गुहेत राहायचो. छपरावर वाळवायचो, म्हणजे टेकडीवर. हिचा जन्म तिथलाच. चौदा वर्षांची होती तेव्हा हे घर मिळालं."

ग्रेकाने हातातला ग्लास खाली ठेवला. शाळेत असताना एकदा तिने बाईंना खरा पत्ता सांगितला होता. ते कळल्यावर आईने तिच्या दोन्ही गालांवर बोटं उमटवली होती आणि संत अंतियोकोची शपथ घालून घेतली होती की पुन्हा कुणापुढे बोलणार नाही. सदतीस वर्षांत आईने त्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. मासळीबाजारात जायला लांबचा रस्ता घ्यायची. आणि ग्रेका रोज पाहुण्यांना घेऊन त्याच दारातून आत जात होती, तोंड मिटून.

"आई, तूच मला शपथ घातलीस."

"घातली. तुझं लग्न व्हावं म्हणून घातली. गुहेवालीला कोण करून घेतो? तो कालासेत्ताचा पिएत्रो, त्याच्या आईला कुणीतरी सांगितलंच ना शेवटी. झालं का लग्न?"

"नाही."

"मग आता मी कशासाठी राखून ठेवू?" तिच्या आवाजात राग नव्हता. खूप दिवस उचलून धरलेली एखादी गोष्ट हात भरून आल्यावर माणूस खाली ठेवतो, तशी ती बोलत होती. "मला दमायला झालंय, ग्रेका. दर वेळी चर्चमागची गल्ली, चर्चमागची गल्ली. त्या गल्लीत कोण शेजारी होतं तेही मला बनवून सांगावं लागतं. परवा मी एकाच बाईला दोन वेगळी नावं सांगितली."

ब्रेरो खिडकीबाहेर बघत होते. या मायलेकींच्या मधे आपण नसतो तर बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आत काय मांडलंय म्हणे," वितालियाने विचारलं. "लिबेराची आई सांगत होती. खाटबिट."

"मांडलंय."

"मला दाखव."

"आज? माझे पाय बघ."

"तुझे पाय उद्या बरे होणार आहेत का? माझे तर नाहीच."

ऊन कलल्यावर पाच वाजता तिघं निघाली. उतारावर शंभर पावलांना त्यांना अर्धा तास लागला. दोनदा दुसऱ्यांच्या दारातल्या बाकांवर बसून झालं. पायऱ्यांपाशी वितालियाने काठी ब्रेरोंच्या हातात दिली, भिंतीला पाठ लावली आणि एकेक पायरी आडवी होऊन उतरली. उतरायची ही रीत ग्रेकाला एकदम आठवली. अशीच उतरायची आई, डोक्यावर पाण्याची घागर असताना.

आत आल्यावर म्हातारीने डोळे अंधाराला सरावू दिले. चूल पाहिली, मान हलवली. टोपली उचलून पाहिली, "ही दुकानातली," म्हणाली. मग खाटेपाशी गेली आणि वर छताकडे पाहिलं.

"इथे खाट कुणी ठेवली?"

"ज्यांनी मांडलं त्यांनी."

"इथे कोण झोपेल? नोव्हेंबर लागला की या कोपऱ्यात पाणी टपकतं. वर डाग दिसत नाहीत का? खाट त्या बाजूला होती. तुला माहीत होतं की."

"माहीत होतं."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत."

दहा वर्षं ती ही खाट चुकीच्या कोपऱ्यात बघत होती. प्रत्येक पाहुण्यासमोर ती तिकडे पाठ करून उभी राहायची. वितालियाने खाटेच्या एका टोकाला हात घातला. "धर."

"आई, याला हात लावायची परवानगी नाही."

"कुणाची?"

ग्रेकाने दुसरं टोक धरलं. ब्रेरो पुढे झाले तेव्हा दोघी एकदमच म्हणाल्या, "तुम्ही नको." खाट जड होती. दगडावरून घासत, थांबत, दोघींनी ती कोरड्या भिंतीला नेऊन लावली. मग म्हातारी तिच्यावर बसली, आणि थोड्या वेळाने ग्रेकाही बसली. लोखंड दोघींच्या वजनाने करकरलं.

वितालियाने समोरच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं. "एफिसिओ तिथे झोपायचा. हिच्या पाठचा. ती जागा गरम राहायची, चुलीमुळे. पहिल्या मालकाचं मढं ठेवायची जागा असणार ती, पण बाळाच्या मापाची होती. अकरा महिन्यांचा झाला, मग ताप आला. चार दिवस." ती ब्रेरोंकडे वळली. "तुम्ही वर ते रांजण बघितलेत?"

"बघितले."

"लोक विचारतात म्हणे, त्यांनी पोरं मारली का. पोरं मरतात, सिन्योर. आपणहून मरतात. त्यांना मारण्याइतकी ताकद कुठल्या आईत उरलेली असते?"

ब्रेरो पायरीवर बसून होते, वही मिटलेली. ग्रेकाला एफिसिओ आठवत होता का, हे तिचं तिलाच नक्की सांगता येत नव्हतं. एक खोकला आठवत होता. आणि आईने त्या हिवाळ्यात खूप केरसुण्या केल्या होत्या, सगळ्या कडक, मोडणाऱ्या, आणि एकही विकली गेली नव्हती.

वर चढताना जास्त त्रास झाला. ग्रेका मागून ढकलत होती, ब्रेरो पुढून हात देत होते, आणि म्हातारी मधे म्हणत होती, "मेल्यावर खाली न्या म्हणजे झालं, वर आणू नका." ब्रेरोंना त्याच संध्याकाळची गाडी होती. निरोप घेताना ते वितालियाला म्हणाले, "मी हे लिहिलं तर चालेल?"

"लिहा. नाव घालू नका. केरसुण्यांचं मात्र नीट लिहा. पान पिळा देऊन काढायचं."

दुसऱ्या दिवशी लिबेराने ग्रेकाला बोलावून घेतलं. खाट कुणी हलवली, असा प्रश्न वरून आला होता. ग्रेकाने सांगितलं, मी हलवली. का, तेही सांगितलं. लिबेराने कागदावर लिहिलं, "ओल असल्याने खाट हलवली," आणि शिक्का मारला. "चार दिवस सुट्टी घे," ती म्हणाली. ग्रेकाने ते चारही दिवस झोपून काढले.

पुस्तक दीड वर्षाने आलं. ब्रेरोंनी प्रत पाठवली होती, सोबत माफीची चिठ्ठी. गुहेवाल्यांवर त्यांनी तीन पानं लिहिली होती, प्रकाशकाने कापून ती एक केली. ग्रेकाने ते पान आईला वाचून दाखवलं. धूर होता, केरसुण्या होत्या, कोंब आणि गोगलगाई होत्या, पिळा देऊन पान ओढायचंही होतं. एफिसिओ नव्हता. तो ब्रेरोंनीच लिहिला नव्हता, की प्रकाशकाने कापला, ते चिठ्ठीत नव्हतं. म्हातारीने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "ठीक आहे. माणूस ऐकत होता म्हणायचं."

पुस्तकाच्या दोन-चार प्रती गावात फिरल्या. ग्रेका आता पाहुण्यांना सांगे, "आम्ही इथे राहत होतो." पाहुणे फोटो काढायला तिला खाटेवर बसायला सांगत. ती नाही म्हणे. त्याने तिला फार हलकं वाटलं असं काही नाही. उलट बोलायचं वाढलं होतं आणि पाय तसेच होते.

पुढच्या वर्षी मार्चातल्या एका सकाळी ती मासे घ्यायला उभी होती. पुढे दोन्ना रेमिजिया होती, नोटरीची विधवा, गावातली मानाची बाई. तिने मागे वळून पाहिलं, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुमची गुहा कुठली? सातवी?"

"नववी," ग्रेका म्हणाली.

"आमची बारावी. तिथे पाणी दोन्ही बाजूंनी यायचं." मग ती सांगू लागली. आजीबद्दल, एका बकरीबद्दल, भिंतीत कोरलेल्या मढ्याच्या चेहऱ्याला घाबरून सहा वर्षं ती कशी आईच्या पोटाशी झोपली त्याबद्दल. मागची रांग वाढत होती. त्यातली आणखी एक बाई पुढे सरकून ऐकू लागली होती, आणि तिच्या तोंडावरूनच कळत होतं की हिचं झालं की ती सुरू करणार. ग्रेकाचे घोटे ठणकत होते. मासेवाला तिसऱ्यांदा विचारत होता, काय देऊ. तिने समोर दिसलेल्या बोई माशांकडे बोट केलं, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "हं, मग?"